गप्प बसणारा पंखा

बायको जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते, आणि त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला त्याला कळलं की तिचा आवाजही गेला. अंधांसाठीच्या ग्रंथालयातून फोन आला होता. बोलणारी बाई सभ्य होती. आधी ताई गेल्याचं वाईट वाटलं असं म्हणाली, मग जेवणाखाणाची चौकशी केली, आणि मग म्हणाली की ताईंनी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायला नेलेलं पुस्तक परत मिळालं तर बरं होईल, ते दुसऱ्या वाचकाला द्यायचं आहे. तो म्हणाला, "तेरा प्रकरणं झालीत तिची. चारच राहिलीत." "ती तेरा आम्हाला ठेवता येणार नाहीत, काका. आवाजामागे घरघर आहे. सगळं पुस्तक पहिल्यापासून वाचून घ्यावं लागेल." त्यानं ओला हात पॅंटला पुसला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला काही वेगळं ऐकू येणार होतं. "कसली घरघर?" "कॉम्प्युटरच्या पंख्याची. मालिश शिकणारी मुलं परीक्षेसाठी एकेक प्रकरण दहा-दहा वेळा ऐकतात. कानाशी पंखा घेऊन ऐकायचं म्हणजे डोकं उठतं त्यांचं." "मग हे आत्ता सांगताय? ती असताना सांगायला काय झालं होतं?" "सांगितलं होतं की. सातआठ महिने झाले. ताई म्हणाल्या, घरात फिटर आहे, करून घेते."

घरात फिटर आहे. फोन ठेवल्यावरही तो ओट्याशी उभाच राहिला. आधी त्याला राग आला तो त्या बाईचा. मग त्या न पाहिलेल्या मुलांचा, ज्यांना फुकटात पुस्तक वाचून मिळत होतं आणि वर पंखा ऐकू येत होता. शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक, एकेक शब्द जीभ अडखळेल असा, आणि ती वर्षभर रोज दुपारी दोन ते चार खिडकी लावून वाचत बसली. कोणी सांगितलं होतं तिला? त्यानं फोनवरच विचारलं होतं, "उरलेली चार मी वाचून दिली, घरघरीशिवाय, तर तिची तेरा ठेवाल?" "तुम्ही वाचाल?" "का, मला काय वाचता येत नाही?" "तसं नाही, काका. पाच मिनिटांचा नमुना पाठवा आधी. मग बघू." बघू म्हणजे हो, असं त्यानं धरून टाकलं. फिटरला कोणी बघू म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच असतो की आधी काम करून दाखव.

मशीन आतल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर होतं. पावाच्या लादीपेक्षा थोडं मोठं, करड्या रंगाचं. पेटी त्यानं स्वतः बनवलेली होती. सात वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, कारखान्यातल्या उरलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून. तिला लहान मशीन हवं होतं, टेबलावर पुस्तक उघडं ठेवायला जागा राहावी म्हणून, आणि बाजारातल्या पेट्या बघून त्याचं टाळकं फिरलं होतं. प्लॅस्टिकचे खटके, वाकणारी दारं, बोट शिरेल एवढ्या फटी. त्यानं पत्रा कापला, वाकवला, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या, आणि वरचं झाकण खाचेतून सरकणारं केलं, एकही स्क्रू न लावता. फोरमननं झाकण लावून उलटं धरलं, हलवलं आणि म्हणाला, "याच्यात पाणी भरलं तरी गळायचं नाही." घरी आल्यावर तिनं पेटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हवा कुठून जाणार?" त्यानं मागच्या बाजूची भोकं दाखवली, बारीक, ओळीत, मोजून साठ. ती म्हणाली, "सुंदर झालंय." त्याला आता ते दोन्ही एकामागून एक आठवलं, प्रश्न आणि कौतुक, आणि तेव्हा त्यानं फक्त कौतुक ऐकलं होतं असं वाटलं. पण तो विचार त्यानं तिथेच झटकला. घरघर पंख्याची होती. बाईनंच सांगितलं होतं. पंखा मशीनच्या आतल्या मुख्य चिपवर बसतो, चिप तापू नये म्हणून, आणि तो काही त्यानं केलेला नव्हता. तो फुकट आलेला, कंपनीचा, स्वस्तातला पंखा होता. म्हणजे दोष कंपनीचा.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बाबा, त्या डबड्याच्या मागे कशाला लागता? मी लॅपटॉप पाठवतो. त्याला पंखाच नसतो. कटकटच नाही."

"डबडं?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. तुझ्या आईनं सात वर्षं त्याच्यावर काम केलं."

"मला माहितीये, बाबा. मी घरी यायचो तेव्हा बघायचो ना. शेवटी शेवटी तर ती त्याच्यावर शाल घालायची."

"शाल? कशाला?"

"आवाज कमी व्हावा म्हणून. मग ते तापून आपोआप बंद व्हायचं. मग ती वाट बघत बसायची गार होईपर्यंत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

तो म्हणाला की माहीत होतं. मग म्हणाला की दूध वर येतंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. शाल त्यानं कितीदा पाहिली होती, खुर्चीच्या पाठीवर, भर उन्हाळ्यात. तिला थंडी वाजते असं समजून तो पंखा कमी करायचा, छताचा पंखा. आता त्याला मुलाचा राग आला, ज्याला सगळं माहीत होतं आणि जो आज सांगत होता, जसं काही हवापाण्याबद्दल बोलावं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. ग्रंथालयाला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आणि घरात फिटर होता त्याला कोणी धड येऊन सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला, झाकण सरकवलं, आणि चिपच्या माथ्यापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंतची उंची चार ठिकाणी मोजली. सत्तेचाळीस पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर, चारही ठिकाणी तेच. पेटीचं काम अजून तसंच होतं, केसाइतकाही फरक नाही, आणि याचा त्याला त्या अवस्थेतही अभिमान वाटला. आकडा कागदावर लिहून तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकान लांबट, अरुंद होतं आणि काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार एका मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. "चिपवर बसवायचा कूलर हवाय," तो म्हणाला, "लहान पेटीसाठी. आणि बोलणारा नको, गप्प बसणारा हवा." दुकानदारानं एक खोका पुढे सरकवला. आतल्या पंख्याला सात रंगांचे दिवे होते. "हा फार चालतो, काका." "मी काय तो लग्नात मिरवणार आहे? दिवे कशाला लागतात पंख्याला? ज्याला गार करायचं ते बंद पेटीत असतं." दुकानदार हसला. "लोक काचेची पेटी घेतात हो. दिसायला छान लागतं." "आमच्याकडे ऐकायचं काम आहे." मग दुकानदारानं चष्मा खाली ओढला आणि नीट बोलायला लागला. पंखा जेवढा लहान तेवढा त्याला जोरात फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. पंखा मोठा आणि खाली पातळ पत्र्यांचा गठ्ठा जाड असेल, तर तो सावकाश फिरतो आणि गप्प राहतो. पण मोठ्याला उंची लागते. त्यानं काउंटरवर दोन कूलर शेजारी ठेवले, एक सदतीस मिलिमीटर उंचीचा, एक सत्तेचाळीसचा. "तुमची जागा किती?" त्यानं कागद दाखवला. दुकानदारानं वाचला आणि सदतीसचा पुढे केला. "हा घ्या."

"का? तो सत्तेचाळीसचा बसतो की. वर तीन दशांश उरतात."

"बसायला बसेल. पण पंख्याला वरून हवा ओढायची असते. तीन दशांशात हवा कुठून शिरणार?"

"पस्तीस वर्षं बेअरिंगं बसवलीयत मी. दशांश मला शिकवू नका."

"बेअरिंगला हवा लागत नाही, काका."

हे बोलणं त्याला झोंबलं. त्यानं मुद्दाम मोठा कूलर उचलला, उलटासुलटा केला, पत्र्यांवरून नख ओढून बघितलं. काम चांगलं होतं. जो वस्तू विकतो त्याला वस्तू कळते असं नाही, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. डॉक्टरांचंही तेच. हॉस्पिटलात तिच्या उशाशी एक यंत्र होतं, त्याचा पंखा फिरताना मधूनच किर्र करायचा. दुसऱ्याच दिवशी त्यानं नर्सला सांगितलं होतं की याचं बेअरिंग गेलंय. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास नाही त्याचा. तिसऱ्या दिवशी त्यानं लेखी तक्रार केली, पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. आठव्या दिवशी यंत्र बदललं. ती उशीवरून त्याच्याकडे बघत होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड, आणि म्हणाली, "इथला आवाज बरा ऐकू येतो तुम्हाला." तो हसला होता. तिच्या आजारातही तिची जीभ शाबूत आहे याचा त्याला आनंद झाला होता. अकराव्या दिवशी ती गेली. दुकानात तो कूलर हातात धरून उभा असताना ते वाक्य पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोचलं. त्यातला 'इथला' पोचला. "हाच द्या," तो दुकानदाराला म्हणाला, जरा जोरातच.

बसवण्याचं काम त्यानं दुपारी केलं. जुना पंखा काढला, चिपवरची उष्णता ओढून घेणारी, आता वाळलेली पेस्ट कापसानं पुसली, नवी वाटाण्याएवढी ठेवली, कूलर टेकवला, चारही स्क्रू आलटून पालटून आवळले, म्हणजे भार एका बाजूला जात नाही. झाकण सरकवलं. ते पंख्याच्या कडेवरून निसटतं गेलं आणि शेवटी जागेवर बसलं, तेव्हा त्याच्या छातीत जुना समाधानाचा ठोका पडला. इतकं नेमकं. मशीन चालू केलं. पहिली दोन मिनिटं ते खरंच गप्प होतं. मग आत कुठेतरी एक बारीक शिट्टी सुरू झाली, ती चढत गेली, आणि चढत चढत तिचं कुत्र्याच्या पिल्लासारखं विव्हळणं झालं, जुन्या घरघरीच्या दुप्पट. त्यानं झाकणावर तळहात ठेवला. झाकण तापलं होतं. त्यानं मशीन बंद केलं, तारा काढल्या, सगळं पिशवीत घातलं आणि चप्पल घालून तसाच दुकानाकडे निघाला. रस्ताभर तो मनात बोलत होता, की माल खराब दिलाय, म्हाताऱ्याला गाठून फसवलंय, परत घ्या नाहीतर इथेच बसतो.

दुकानदारानं भांडण होऊ दिलं नाही. त्यानं मशीन काउंटरवर ठेवलं, चालू केलं, विव्हळणं ऐकलं आणि दोन्ही अंगठे लावून झाकण सरकवायला गेला. हललं नाही. पुन्हा जोर लावला, तोंड लाल झालं, आणि झाकण निघालं. निघाल्याबरोबर आवाज थांबला. पंखा फिरत होता, पाती दिसत होती, आणि काहीही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, शेजारच्या दुकानातलं कोणाचं तरी हसणं ऐकू आलं. "पंखा उत्तम आहे," दुकानदार म्हणाला. "पेटी कोणी केलीय?"

"का?"

"ज्यानं केलीय त्याला सांगा, आत बसणाऱ्यालाही श्वास लागतो."

"त्यालाच सांगताय."

दुकानदारानं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "काम एक नंबर आहे हो," तो म्हणाला. "असा पत्रा आता कोणी वाकवत नाही. फक्त वर एक मोठं भोक पाडा, पंख्याएवढं. तुमचा जुना लहान पंखासुद्धा मग इतका ओरडला नसता."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. घरी येईपर्यंत ते त्याच्याबरोबर चालत आलं. त्याला राग धरायला आता माणूसच सापडत नव्हता. कंपनी सुटली, दुकानदार सुटला, ग्रंथालयाची बाई सुटली. मशीन टेबलावर ठेवून, झाकण बाजूला ठेवून, त्यानं नमुना करायचा म्हणून तिचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. तो कसा चालवायचा हे तिनंच एकदा शिकवलं होतं. तिथे तेरा प्रकरणांच्या तेरा फाइली होत्या आणि शेजारी 'कच्चं' नावाचा एक कप्पा होता, त्यात नऊ मिनिटांचे, अकरा मिनिटांचे, सात मिनिटांचे तुकडे. आवाजात किती फरक पडलाय ते बघावं, एवढ्याच हेतूनं त्यानं हेडफोन लावले आणि त्यातला एक तुकडा चालू केला. घरघर होतीच. खरंच होती. तिच्या आवाजाच्या खाली अशी पसरलेली की ती चाललेल्या गिरणीत उभी राहून वाचते आहे असं वाटावं. मग ती मध्येच थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज. "अहो, जरा येता का? हे झाकण काढून द्या ना. माझ्या मनगटानं निघत नाही."

"कशाला?" हा त्याचा आवाज. लांबून, दुसऱ्या खोलीतून.

"आत गुदमरतंय ते. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येतेय. ग्रंथालयातून सांगितलंय."

"धूळ जाईल. उघडंच ठेवायचं तर झाकण केलं कशाला मी?"

"मग वर दोन भोकं तरी पाडून द्या."

"भोकं पाडायला ती काय चाळणी आहे? काही होत नाही त्याला. आवाज येतोय म्हणजे चालू आहे. बंद पडलेलं मशीनच गप्प असतं."

त्यानंतर बराच वेळ नुसता पंखा. त्यानं श्वास धरून वाट बघितली, आता ती बोलेल, आता चिडेल, आता म्हणेल की इतके महिने ही घरघर ऐकत बसतेय मी, की तुमच्या पेटीचं कौतुक पुरे. त्याला ते हवं होतं. मग तिनं घसा साफ केला आणि अगदी आधीच्याच आवाजात, कसलाही ओरखडा नसलेल्या, वाचायला लागली. "प्रकरण नववं. मणक्याची रचना. पान एकशे बारा."

त्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटले. तो तिच्यावर चिडला होता, ती गेल्यापासून पहिल्यांदा. एवढंच? एकदा विचारलं, नाही म्हटलं, की संपलं? भाजीवाल्याशी ती अर्धा तास हुज्जत घालायची. मुलाच्या शाळेत मास्तरांना तिनं घाम फोडला होता. आणि त्याच्यासमोर एक पत्र्याचं झाकण तिला ओढून घेता आलं नाही. भांडायचं होतं. झाकण उचलून त्याच्या ताटात आणून ठेवायचं होतं. त्यानं आरडाओरडा केला असता, दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी भोक पाडलं असतं. नक्की पाडलं असतं. हे तिला माहीत नव्हतं की काय? की पस्तीस वर्षांत ते तीन दिवस तिनं इतक्या वेळा काढले होते की आता तिला शाल सोपी वाटली? खोलीत तो येरझाऱ्या घालत राहिला. हे सगळं तो मोठ्यानं बोलत होता हे त्याला वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकीतून "काका, बरं आहे ना?" असं विचारलं तेव्हा कळलं. "बरंय," तो म्हणाला, "वाचायची तालीम करतोय."

भोक त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पाडलं. झाकणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, मधोमध पंच मारला, कर्कटकानं वर्तुळ काढलं, ओळीनं भोकं पाडून मधला तुकडा करवतीनं सोडवला. करवत पत्र्यात पहिल्यांदा शिरली तेव्हा त्याचे दात शिवशिवले. मधला गोल तुकडा खाली पडला, खणकन वाजला आणि जमिनीवर गरगरत राहिला. त्यानं तो उचलला नाही. कडा कानशीनं घासल्या, पण पूर्वीसारख्या नाही, पुरे इतक्याच. झाकण लावलं, मशीन चालू केलं, अर्धा तास शेजारी बसला. काही ऐकू आलं नाही. एवढ्याशा कामाला, चहाची वेळ धरून, पावणेदोन तास लागले होते.

मग तो दोन ते चार वाचायला लागला. पुस्तकात चौदाव्या प्रकरणापासून पुढेही तिनं पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. तिचा श्वास आखूड होता. त्याला पुढच्या रेघेपर्यंत जाऊनही हवा उरायची, आणि त्या उरलेल्या हवेचं काय करायचं ते कळायचं नाही. पण तो प्रत्येक रेघेला थांबला. खांद्याचे स्नायू, दंडाचे स्नायू, पाठीचे, मानेचे. कुठे दाबायचं, कुठे अजिबात दाबायचं नाही. नमुना पास झाला. चार प्रकरणांना अकरा दिवस लागले, आणि ती पाठवून तो अशा हिशेबानं बसला की आता बाईचा फोन येईल आणि सतरा प्रकरणांचं पुस्तक, तेरा तिची चार त्याची, कपाटात जाईल.

फोन आला. "फार स्वच्छ झालंय, काका," बाई म्हणाली. "जरा भरभर वाचता, पण चालेल. आता पहिल्यापासून तुम्हीच वाचून द्याल का? अडीच महिन्यांवर परीक्षा आहे, आणि नवा वाचक मिळत नाहीये."

"पहिली तेरा आहेत की."

"ती घेता येत नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं."

"बघू म्हणाला होतात."

"तुमच्या वाचण्याबद्दल म्हणाले होते हो. काका, मी ताईंची प्रकरणं परत लावून ऐकली, तुमच्यासाठी. तुम्ही ऐकलीत का? हेडफोन लावून?"

"ऐकली."

"मग तुम्हीच सांगा. एखाद्या मुलीला परीक्षेच्या आदल्या दिवशी ती द्याल तुम्ही?"

त्याच्या तोंडावर आलं होतं की देईन. की ऐकू द्या त्यांना पंखा, त्यांचं काय जातंय, तिनं त्या पंख्याशेजारी बसून वर्ष काढलंय. पण त्याला ती मुलगी दिसली, चेहरा नसलेली, कानावर हात दाबून बसलेली, मणक्याचे भाग मोजत. बाई वाट बघत होती. "नाही," तो म्हणाला. "नाही देणार." "मग वाचाल?" "दुसरं कोण वाचणार आहे?" तो तिच्यावर खेकसला, आणि बाईनं ते मनावर घेतलं नाही, आभार मानले.

या गोष्टीला आता तीन आठवडे होतायत. बाईचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा त्यानं घसा धरलाय म्हणून सांगितलं. रोज दोन वाजता तो खिडकी लावतो, मशीन चालू करतो, पुस्तकाचं पहिलं पान उघडतो. मशीन आवाज करत नाही. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट असते, कुठे काही हलत नाही, आणि चार वाजता तो ते बंद करतो. चौदा ते सतरा ग्रंथालयात पोचली आहेत. पहिली तेरा प्रकरणं वाचायची राहिली आहेत.